जवळचा किल्लीवाला

२ जून

भाऊजी,

नमस्कार. तुम्ही फोनवर म्हणालात, जे सांगायचंय ते लिहून पाठवा, म्हणजे वेबसाइटवर लिहायचा हातही बसेल. म्हणून लिहायला बसले आहे. शाळा सुटल्यापासून वाणसामानाच्या चिठ्ठीपलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका पोटात घाला.

तुम्ही आपल्या किल्लीघराची, दुकानाची, वेबसाइट करून दिलीत ती फार देखणी आहे. निळा रंग, यांचा हसरा फोटो, खाली माझा नंबर. पण ती बघतं कोण? लग्नाला नटूनथटून बसावं आणि पत्रिकाच वाटायला विसरावं, तसं झालंय. दिवसभर मशीनवरची धूळ पुसते. कोणी आलंच तर आत डोकावून विचारतं, "मालक कधी येतील?" मालक येणार नाहीत म्हटलं की किल्ली परत खिशात घालून चालू पडतं. गेल्या थंडीत हे गेले हे अर्ध्या गावाला माहीत नाही, आणि इतकी वर्षं शेजारी बसून निम्म्या किल्ल्या मीच कापत होते हे तर कुणालाच माहीत नाही.

आई तशाच आहेत. अंथरूण सुटत नाही. दुकानातलं मशीन सुरू झालं की आतल्या खोलीतून विचारतात, "तो आला का?" मी सांगते, कामावर गेलेत. खोटं बोलते म्हणा, पण त्यांना रोज नव्याने मुलगा गेल्याचं कसं सांगू?

दुकान चाललं नाही तर मला दुसरं काही येत नाही, भाऊजी. काय करायचं ते सांगा.

तुमची वहिनी


५ जून

वहिनी,

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जगाच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणून द्यायच्या हा माझा धंदा, आणि घरचीच तळाला. चूक माझी आहे, तेव्हा शिकवणीही माझीच.

सर्च म्हणजे एक प्रचंड पाठांतर असलेला, आज्ञाधारक आणि थोडा मठ्ठ कारकून समजा. तो जगातली सगळी पानं वाचून ठेवतो. कोणी काही विचारलं की ज्या पानावर तेच शब्द असतील, तेच काम असेल, ते पान काढून पुढे ठेवतो. आता मी शहाण्याने आपल्या पानाला शीर्षक काय दिलं? "परिपूर्ण सुरक्षा सेवा". दाराबाहेर अडकलेला माणूस असलं काही टाइप करेल का? तो टाइप करतो "जवळचा किल्लीवाला". "कपाटाची चावी हरवली." "कुलूप अडकलं." तेव्हा शीर्षकात तेच लिहा. गिऱ्हाईक ज्या तोंडाने विचारतं त्याच तोंडाने उत्तर द्या. दाराचं कुलूप, कपाट, तिजोरी, गाडी, सगळं एका पानावर कोंबू नका, प्रत्येकाला वेगळं पान. पण कुलूप कुलूप कुलूप असा जपही करू नका. कारकून मठ्ठ असला तरी चिडतो.

दुकानाचं नाव, पत्ता, फोन जिथे जिथे असेल तिथे अक्षर न् अक्षर सारखं ठेवा. नाहीतर त्याला वाटतं ही दोन दुकानं आहेत. ज्यांचं काम केलंत त्यांना दोन ओळी लिहायला सांगा. चार अनोळखी माणसांनी चांगलं म्हटलं की पाचवा डोळे मिटून येतो.

आणि एक. दादाचा फोटो काढा. तो वगळायला माझंही मन धजत नव्हतं म्हणून मीच तो लावला होता. पण गिऱ्हाइकाने ज्याला बोलावलं तोच माणूस दारात दिसला पाहिजे. तुमचा लावा.

धीर धरा. ही उगवायला वेळ घेणारी शेती आहे.

तुमचा,
भाऊजी


२४ जून

भाऊजी,

उगवलं. मी लिहिलं, "चावी आत आणि तुम्ही बाहेर? घाबरू नका, येते." बस्स, एवढंच शीर्षक. दुसऱ्या आठवड्यात फोन यायला लागले. एक वकील स्वतःच्याच ऑफिसबाहेर उभे होते. एका बाईंचं कपाट लग्नापासून उघडलं नव्हतं. उघडलं तर आत फक्त कागदात गुंडाळलेला आरसा. त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी.

आता जे झालं ते सांगते.

परवा एक मध्यम वयाचे गृहस्थ पितळी कुलूप घेऊन आले. उत्तम कुलूप. किल्ली फिरते, टक्‌ वाजतं, आणि हात काढला की आपोआप उघडतं. खोललं, आतलं सगळं शाबूत. मी असं कुलूप आजवर पाहिलेलं नाही. ते म्हणाले, "तुमच्याच माणसाने उघडून दिलं होतं आईला. तेव्हापासून लागतच नाही." मी म्हटलं, माझ्याकडे माणूस नाही, मी एकटीच. तर म्हणाले, आईनेच फोनवर सांगितलं होतं, किल्लीघरातून आले होते, डावखुरे, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, फार हळू बोलणारे. मी म्हटलं, आईंशी बोलता येईल का? म्हणाले, ती दुसऱ्याच दिवशी गेली.

मी नवं कुलूप दिलं. पैसे घ्यायचे विसरले. ते वर्णन हुबेहूब यांचं होतं, भाऊजी.

मग मी सर्चवर आपलं दुकान शोधलं. नकाशावर दोन किल्लीघरं आहेत, भाऊजी. एक आपलं. दुसरं मागच्या गल्लीत. त्याला नंबर यांचा दिलाय, मी स्वतः अर्ज देऊन बंद केलेला. आणि ते आपल्या वर दिसतं.

तुमची वहिनी


२६ जून

वहिनी,

आधी पाणी प्या. मग वाचा.

यात भुताखेताचं काही नाही. नकाशावर एकाच दुकानाच्या दोन नोंदी होणं रोजचं आहे, आणि किल्लीच्या धंद्यात तर लबाड लोक मुद्दाम दुसऱ्याच्या नावाने उभे राहतात. नाव तुमचं, फोन त्यांचा, गिऱ्हाईक पळवायचं. बंद केलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. दादाला ओळखणारा कोणीतरी असणार. राहता राहिला डावखुरेपणा, जगात डावखुऱ्यांचा काय दुष्काळ आहे का?

मी तक्रार टाकली आहे. तुम्ही त्या नंबरवर फोन करू नका, आणि तिकडे जाऊही नका.

आईला माझा नमस्कार सांगा. ओळखेल तर.

भाऊजी


९ जुलै

भाऊजी,

जाऊ नका म्हणालात म्हणूनच गेले, असं समजा.

भर दुपारी गेले. मागच्या गल्लीत लाँड्री आहे, पुढे छापखाना. नकाशावरची खूण बरोबर दोघांच्या मधोमध. तिथे नुसती भिंत आहे. दार नाही, खिडकी नाही, शटर नाही. लाँड्रीवाली बाई म्हणाली, इथे दुकान कधीच नव्हतं. मग इस्त्री थांबवून म्हणाली, "पण कानस चालवल्यासारखा आवाज येतो हो कधीकधी. मला वाटलं छापखान्यातून येतो." छापखान्यातल्यांना वाटत होतं लाँड्रीतून.

मी खाली वाकले. भिंतीच्या पायाशी पितळेचा कीस पडला होता. आपल्या मशीनखाली पडतो तसाच, ताजा, ऊन पडलं की चमकणारा. बोटाला लावून पाहिला. कोमट होता.

घरी येऊन त्या दुकानाखालची लोकांची मतं वाचली. सगळी चांगलीच. "त्रास झाला नाही." "आल्या आल्या उघडलं." "फार वर्षं अडकलेलं दार, पण त्यांनी खेकसून बोलणं नाही की उपकार दाखवणं नाही." आणि एक मत आपल्या समोरच्या गणिताच्या बाईंचं. त्याच त्या, ज्यांनी तुम्हाला अंगठे धरायला लावले होते. लिहिलंय, "काम चोख. आवाज नाही, घाई नाही. दहापैकी दहा." भाऊजी, त्यांनी जन्मात कुणाला दहापैकी दहा दिले नाहीत.

त्या मताखाली जी तारीख आणि वेळ आहे, तेव्हा मी त्यांच्याच घरात होते. आम्ही सगळे होतो. बाईंना चादर पांघरलेली होती, आणि त्यांची सून मोठमोठ्याने रडत होती.

मला भीती वाटली असं नाही. काय वाटलं ते मला लिहिता येत नाही.

वहिनी


११ जुलै

वहिनी,

मेलेल्या माणसांची खाती चोरून त्यांच्या नावाने खोटी मतं लिहिणारे लोक असतात. हा नीचपणा मी धंद्यात पाहिलेला आहे.

वरपर्यंत ओळख लावून ती नोंद काढून टाकली आहे. आज सकाळपासून ती कुठेही दिसत नाही. किल्लीघर एकच, तुमचं, आणि ते पहिल्या पानावर, पहिल्या जागी आहे. अभिनंदन.

आता तो विषय नको.

भाऊजी


२० ऑगस्ट

भाऊजी,

पहिली जागा काय असते ते आता कळलं. जेवायला फुरसत नाही. लोक आता "बाई, तुम्हीच या" म्हणतात. फोटोतली बाई आणि दारातली बाई एकच असली की विश्वास बसतो, तुमचं खरं ठरलं.

पण आज धंद्याचं लिहायचं नाहीये.

आईंचे फार हाल आहेत. गेला महिनाभर दूधही गिळत नाहीत. छातीतून गिरमिट फिरवल्यासारखा आवाज येतो. डॉक्टर येतात, नाडी धरतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. काल म्हणाले, यांच्या अंगात काहीच उरलेलं नाही, कशावर तग धरून आहेत मला कळत नाही. आई मधूनच डोळे उघडतात आणि अगदी शुद्धीवर असल्यासारख्या बोलतात. म्हणतात, "दार अडकलंय गं. मी ढकलतेय, ते हलत नाही. त्याला बोलाव ना." कुठलं दार विचारलं तर चिडतात. त्यांचे तळवे बघा कधी, दार ढकलून ढकलून व्हावेत तसे लाल झालेत. आणि त्या तर हातही उचलत नाहीत.

डॉक्टरांना पायऱ्यांपर्यंत सोडायला गेले, तर ते आपणहून म्हणाले की या भागात सगळीकडे असंच चाललंय. पिकली पानं, सुटायला हवीत ती सुटत नाहीत. वृद्धाश्रमातली नर्स त्यांना म्हणाली, जुलैच्या मध्यापासून आमच्याकडे कोणी गेलं नाही, आणि त्यात आनंद मानावा असं काही नाही. रात्रंदिवस कण्हणं ऐकतोय.

जुलैच्या मध्यापासून. तुम्ही ती मागच्या गल्लीतली नोंद काढलीत तेव्हापासून.

हसू नका. वेडी झाले म्हणा, पण हसू नका. ती परत लावा.

वहिनी


२३ ऑगस्ट

वहिनी,

तुमचं पत्र आल्यावर मी एक रागाचं उत्तर लिहिलं होतं. तुम्ही थकला आहात, झोपत नाही, वगैरे. ते पुसून टाकलं.

मी तुमच्यापासून एक गोष्ट दडवली. ती नोंद काढण्याआधी मी प्रत्येक मत लिहिणाऱ्याचा माग काढला होता. चोर पकडायच्या हेतूने. त्यांतला एकही माणूस जिवंत नाही. प्रत्येकाने गेल्यावर लिहिलंय. चोराने लिहिलं असतं तर भाषा एकसारखी असती; मी हे रोज तपासतो, मला फसवणं सोपं नाही. इथे एकजण अडाणी, एकजण कवी, एकजण नुसता भांडकुदळ. त्या भांडकुदळाने लिहिलंय की बेल न वाजवता आत आला, पण माफ केलं. वहिनी, मी ती नोंद तुमच्या धंद्यासाठी काढली नाही. मला ती बघवेना म्हणून काढली.

काल तुम्ही व्हिडिओ कॉल लावून आईसमोर फोन धरलात. तिने मला पाहिलंच नाही. माझ्या खांद्यामागे कोणी उभं असावं तशी बघत होती आणि म्हणाली, "याला सांग, तुझ्या भावाला वाट सापडत नाहीये." मी मागे वळून पाहिलं, हे कबूल करतो.

आज सकाळी ती नोंद परत लावण्याचा अर्ज भरला. नाव, पत्ता, फोन, अक्षर न् अक्षर होतं तसं. तुमचं या दुकानाशी नातं काय, असा रकाना होता. "धाकटा भाऊ" लिहिलं. व्यवसायाचं वर्णन लिहायला सांगितलं तिथे फार वेळ अडलो. शेवटी तुम्हाला शिकवलं तेच केलं. गिऱ्हाईक ज्या तोंडाने विचारेल त्याच तोंडाने लिहिलं: "अडकलेलं दार उघडून मिळेल."

दुपारी मंजूर झालं. एरवी आठवडा लागतो.

शुक्रवारी पोचतो. तोवर तिला धीर द्या.

भाऊजी


१४ सप्टेंबर

भाऊजी,

तुम्ही आलात आणि गेलात, पण माणसांच्या गराड्यात दोन शब्द बोलता आले नाहीत. तुम्ही सारखे माझ्या तोंडाकडे बघत होतात. मी सारखी कपबशा विसळत होते. म्हणून आता लिहिते. हे तुमच्या हक्काचं आहे.

गुरुवारी दुपारी आईंचा श्वास असा अडकायला लागला की मला बघवेना. मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, फोन घेतला आणि "जवळचा किल्लीवाला" असं टाइप केलं. पहिलंच ते आलं. आपलं त्याच्या खाली. मी नंबर लावला.

लगेच उचलला. मागे मशीनची घरघर होती, ती बंद झाली. आणि हे बोलले. आवाजात काही फरक नव्हता, भाऊजी. घसा खाकरून बोलायची सवयसुद्धा तीच.

"बोला बाई."

मला बाई म्हणाले. मी फोन दोन्ही हातांनी धरला. वाटलं, ओळखतील. श्वासावरून तरी ओळखतील. पण गिऱ्हाइकाला धीर द्यावा तसे थांबून राहिले, आणि मग विचारलं, "कुलूप आतून लागलंय की बाहेरून?"

मी म्हटलं, आतून.

"कोण आहे आत?"

"तुमची आई," असं अगदी ओठांवर आलं होतं. पण का कोण जाणे, भीती वाटली, की त्यांना ते आठवलं तर हात चळेल. मी म्हटलं, म्हाताऱ्या बाई आहेत एक. थकल्यात फार. पत्ता सांगितला. माझाच पत्ता मी माझ्या नवऱ्याला सांगितला, आणि त्यांनी तो परत म्हणून दाखवला, नवीन माणसाने म्हणावा तसा, डावीकडे की उजवीकडे असं विचारून.

"आलोच," म्हणाले.

मी आत आले तर आई जाग्या होत्या. मला म्हणाल्या, "जा, चहा टाक. तो उपाशी येतो." मी स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवला नाही, नुसती ओट्याला धरून उभी राहिले. पुढचं शटर वाजलं नाही. पावलं वाजली नाहीत. पण आतल्या खोलीत आई बोलायला लागल्या. सुरुवातीला हळू, मग चांगल्या खणखणीत, तुमच्या लहानपणी बोलायच्या म्हणता ना तशा. रोडावलास किती, चष्म्याची दोरी बदल, कुठे होतास इतके दिवस. मध्ये मध्ये थांबायच्या, उत्तर ऐकायला थांबावं तसं. उत्तर मला ऐकू आलं नाही. मी कान इतके ताणले की दुखायला लागले, पण माझ्यापुरतं तिथे काहीच नव्हतं.

मग एक बारीक टक्‌. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

मी धावले. आई उशीवर मान कलती करून पडल्या होत्या, तोंड मिटलेलं, तळवे गार आणि गोरे. खोलीत मशीनच्या तेलाचा वास होता. मागच्या दाराची कडी मी नेहमी लावून घेते, ती उघडी होती. अजून लागत नाही. बदलायची नाही असं ठरवलंय.

आपल्या घरात येऊन गेले, आणि माझ्यासाठी थांबले नाहीत. थांबायचं काही कारणही नव्हतं म्हणा. बोलावलं कुणासाठी होतं?

वहिनी


२० सप्टेंबर

वहिनी,

तुमचं पत्र घेऊन मी बाहेर जाऊन बसलो. बायकोने विचारलं, काय झालं. आईची आठवण आली, म्हणालो.

त्यानंतर मी ती नोंद शोधली. मला निदान एकदा दादाच्या दुकानाखाली माझं नाव न लिहिता दोन ओळी लिहायच्या होत्या. मिळाली नाही. नाव टाकलं, नंबर टाकला, पत्ता टाकला. ऑफिसातल्या मशीनवरून तुमच्या गल्लीत उभं राहून शोधल्यासारखं करून पाहिलं, तेही आम्हाला जमतं. तुमचं दुकान येतं. त्याखाली दुसऱ्यांची येतात. दादाचं नाही. कोणी काढलेलं नाही, मी चौकशी केली. नोंद चालू आहे म्हणतात. मला दिसत नाही, एवढंच. माझ्या हाताखालच्या सगळ्यांना शोधायला लावलं, त्यांनाही नाही.

मी पोटासाठी जगाला वर आणतो आणि माझा भाऊ मला सापडत नाही, याचं वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगू? हायसं वाटलं. ज्याला लागतं त्यालाच ते आता दिसत असावं.

आणि मग एकदम तुमची आठवण झाली.

तुम्हाला दिसतं का अजून? मला खरं सांगा.

भाऊजी


२४ सप्टेंबर

भाऊजी,

वृद्धाश्रमातल्या नर्सबाई भेटल्या. म्हणाल्या, आता तिथे शांत आहे. डॉक्टरांचाही चेहरा उतरलेला नसतो. तुमचे आभार त्यांना मानता येणार नाहीत, म्हणून मी मानते.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. दिसतं. किल्लीवालाच शोधायला हवं असं नाही. काल मी चष्म्याचं दुकान शोधलं, तरी सगळ्यांत वर तेच आलं. आधी नुसतं नाव यायचं, आता फोटोही येतो. तुम्ही मला काढायला लावला होता तोच, हसरा. मी एकदा फोन उलटा करून ठेवला आणि थोड्या वेळाने परत पाहिला. होता.

नंबर मी लावलेला नाही. बोटाखाली येतो, पण लावलेला नाही. परवा मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं. सगळ्या वर्गांची कुलुपं बदलायचीत, आणि त्यांना बाईमाणूसच हवंय, सर्चवर माझं पान वाचून त्यांनी ठरवलं. महिना तरी जाईल. हो म्हणून आले आहे.

त्या कामासाठी वेगळं पान करावं लागेल. शीर्षक काय द्यायचं ते तुम्ही इथे येऊन सांगा. पत्रात नको. जितक्या लवकर येता येईल तितक्या लवकर या.

तुमची वहिनी